एकशे एकावी कवळी

दात नसलेल्या म्हाताऱ्यांना शेंगदाण्याची चिक्की वाटणारी माणसं या जगात असतात. मनकर्णाबाईला ती अमरावतीच्या एका मंगल कार्यालयात भेटली. दारातच एक नटलेली पोरगी गोड गोड हसत प्रत्येक म्हाताऱ्याच्या हातात पाकीट ठेवत होती. पाकिटात जाडी शेव, तळलेले शेंगदाणे आणि वर ही चिक्की. मनकर्णाबाईनं चिक्की उलटीपालटी करून पाहिली, खुर्चीच्या दांडीवर ठोकून पाहिली आणि शेजारच्या पार्बताबाईला म्हणाली, "पाह्य व पार्बता, यायच्या अकलेले कवळी कोन बसवन?"

पार्बताबाई हसली, पण पदर तोंडावर घेऊन. तीन आठवडे झाले, पदराशिवाय ती हसलीच नव्हती.

दोघी मोर्शीच्या अलीकडच्या एका गावच्या. मनकर्णाबाईची नऊ एकर काळी जमीन, पार्बताबाईची दीड एकर आणि बाकी दुसऱ्याच्या वावरात मजुरी. एकीचं घर वरच्या गल्लीत, दुसरीचं खालच्या वस्तीत. पण चाळीस वर्षं एका ओळीत निंदण केलेल्या बायांना वरची गल्ली आणि खालची वस्ती कोण शिकवणार? पार्बताबाई मुकाट्यानं काम करणारी, आणि मनकर्णाबाईच्या जिभेला सगळं गाव टरकून. तिला चांगलं म्हणावं असं माणूस तिच्या मते गावात दीडच होतं. त्यातलं एक पार्बता, आणि अर्धं तिचा मेलेला नवरा.

या मनकर्णाबाईच्या तोंडात आता दोनच दाढा उरल्या होत्या. डाव्या बाजूला, एक वर आणि एक खाली, अगदी समोरासमोर. बाकी सगळी वस्ती उठून गेलेली. पण त्या दोन दाढांना गावात जो मान होता तो सरपंचालाही नव्हता. तुरीची मळणी झाली, तूर ताडपत्रीवर ऊन खाऊ लागली, की माणसं मूठभर दाणे घेऊन तिच्या ओसरीवर यायची. ओली तूर बाजारात नेली की व्यापारी तोंड वाकडं करतो, भाव पाडतो, नाहीतर गाडी सरळ परत पाठवतो. म्हणून आधी दाणा मनकर्णाबाईच्या दाढेखाली जायचा. 'कट्' असा आवाज आला आणि दाण्याचे दोन तुकडे झाले, की तूर वाळली. दाणा नुसता चेपला, तर ती थुंकून म्हणायची, "अजून दोन उनं दे." तिच्या लेकानं, नितेशनं, ओलावा मोजायचं यंत्र आणलं होतं. त्यात सेल नसायचे, आणि असले तर ते सकाळी एक आकडा सांगायचं, दुपारी दुसरा. जावयाच्या दारुड्या भावाकडे पाहावं तसं ती त्या यंत्राकडे पाहायची.

खरं तर हे काम दोघींचं. मनकर्णा एक दाणा फोडायची, पार्बता दुसरा. दोघींचं एकमत झालं तरच पोतं शिवायचं. पार्बताच्या तोंडात सहा दात होते, सहाही खुंट्यासारखे घट्ट, आणि तिचा दात मनकर्णापेक्षा कडक. मनकर्णानं 'वाळली' म्हणून हात झटकले तरी पार्बता सावकाश दाणा उचलायची आणि म्हणायची, "थांब व, माह्या दाताले विचारू दे." विचारून झालं की बहुतेक वेळा तूर परत ताडपत्रीवर जायची. गावात मनकर्णाबाईचं म्हणणं खोडून काढणारी तेवढी एकच बाई होती.

पण दोन दाढांवर दाणा फुटतो, भाकर चावली जात नाही. वर्षभर मनकर्णाबाई भाकर वरणात कुस्करून गिळत होती. एकाच बाजूनं चावून जबडा ठणकायचा. बोलताना शब्दांतून वारा सुटायचा आणि नातवंडं तोंड लपवून हसायची. अमरावतीच्या एका खासगी डॉक्टरनं दात बसवायचा जो आकडा सांगितला, तो ऐकून नितेश मोर्शी येईपर्यंत एसटीत बोटांवर हिशेब करत राहिला. "राहू दे बापा," शेवटी तीच म्हणाली. "म्हाताऱ्या तोंडात कोन एवढे पैशे घालते!" म्हणाली खरी, पण रात्रभर जीभ रिकाम्या हिरड्यांवरून फिरत राहिली. तिला दात हवे होते. लाज कशाला धरायची, फार हवे होते.

आणि मग कार्तिकात एक हास्य मंडळ उगवलं. अध्यक्ष कमलाकांत वकील, अमरावतीचे, निवृत्त. कोर्टात मिळाली नाही ती कीर्ती त्यांना म्हातारपणी मिळवायची होती. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीकडून त्यांनी एकशे एक कवळ्या मिळवल्या आणि 'सर्व समाज, एक हास्य' असा फलक छापून मोकळे झाले. मोर्शीला तपासणी होती. मनकर्णाबाई तेव्हा अकोल्याला, जुन्या शहरात लेकीकडे, बाळंतपणाला. तिथून तिनं पार्बताला फोन लावला. "फुकट भेटून राह्यली कवळी, त घेऊन घे न! कायले लाजतं? मी येईपर्यंत तुह्यं तोंड भरलेलं दिसलं पाह्यजे."

तो फोन आता मनकर्णाबाईच्या छातीत बसून होता.

कारण कंपनीनं दिल्या होत्या एकशे एक पूर्ण कवळ्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, अर्धी-पाव नाही. ज्याच्या तोंडात एकही दात नाही त्यालाच ती बसते. आणि गावाकडच्या म्हाताऱ्यांना अजून दोन-चार, पाच-सहा दात असतातच, हे एकशे एकचा आकडा ठरवणाऱ्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. तपासणीच्या दिवशी आलं. मग काय करायचं? आकडा बदलायचा की तोंडं? शहाण्या माणसांनी तोंडं बदलली. पार्बताबाईचे सहा दात, सहाही चांगले, एका दुपारी काढले आणि रक्त थांबतं न थांबतं तोच त्याच हिरडीचं माप घेतलं. असं कुठं होतं का, असं कोणी म्हणेल. अहो, होतं. फलक आधी छापला की पुढं सगळं होतं.

तर अशी ती चिक्कीची सकाळ. मंचावर कमलाकांत वकील लगबगीनं फिरत होते. त्यांचे स्वतःचे दात नागपूरच्या डॉक्टरनं एकेक करून पक्के बसवून दिलेले होते, आणि ते दात ते सारखे दाखवत होते. पहिल्या रांगेची मांडणी त्यांनी जातीनं केली. एक धोतरवाले आजोबा, एक गोल टोपीवाले, एक निळ्या फेट्याचे, एक लुगडंवाली, एक बुरखावाली. सिंधी कॅम्पातले कोणी मिळाले नाहीत म्हणून ते हळहळले. पार्बताबाईला लुगड्याच्या खुर्चीवर बसवलं. तिच्या शेजारी अकोल्याच्या जुन्या शहरातली हमीदाबी बसली होती. ती मागं वळून मनकर्णाबाईला म्हणाली, "हमकू तो सामने बिठाये बेन, दाँत पीछे से आते बोलते." मनकर्णाबाईला ती बाई तिथल्या तिथं आवडली. गावाबाहेरचं पहिलं चांगलं माणूस.

पाहुणे यायला दीड तास होता, आणि तेवढ्यात घोटाळा कळला. डबे एकशे एक, माणसं शंभर. चांदूरकडचे नत्थुजी आले नव्हते. फोन केला तर सुनेनं सांगितलं, मामंजी परवा वारले. कमलाकांत वकिलांचा चेहरा असा पडला की पाहणाऱ्याला वाटावं सख्खा भाऊ गेला. पण त्यांना दुःख आकड्याचं होतं. ते खुर्च्यांवरून नजर फिरवत आले आणि मनकर्णाबाईच्या बसक्या गालांवर थांबले.

"आजी, तुमची नोंद झालेली नाही वाटतं?"

"नाई. मी हिच्यासंगं आली."

"मग उत्तमच! आज तुम्हालाही कवळी मिळणार. परमेश्वराची योजना बघा."

परमेश्वराची योजना त्यांनी मंचामागच्या खोलीत नेली. तिथं दातांच्या कॉलेजमधून मदतीला पाठवलेली एक तरुण डॉक्टर होती, प्रतीक्षा नावाची. वकिलांनी टेबलावर डबा ठेवला. मनकर्णाबाईनं तो उघडला. आत पांढरे शुभ्र बत्तीस... बत्तीस नसतील, कोण मोजतं, पण दोन ओळी भरून दात होते. वर्षभर रिकाम्या हिरड्यांवरून फिरलेली जीभ एकदम गप्प झाली. तिला गरम भाकर दिसली, वर तेल आणि ठेचा, आणि स्वतःचं तोंड, दोन्ही बाजूंनी चावणारं. कबूल करायला हवं, त्या क्षणी तिची मान हलायचीच बाकी होती.

प्रतीक्षानं बॅटरीनं तोंडात पाहिलं. "सर, डाव्या बाजूला दोन दाढा आहेत. पक्क्या आहेत."

"दोनच ना?" वकील म्हणाले. "काढून टाका. इंजेक्शन आहे, तुम्ही आहात. कवळी तयारच आहे."

"ही दुसऱ्याच्या मापाची आहे, सर."

"माप थोडं इकडं तिकडं होणारच. आपण काय दागिना घडवतोय? डॉक्टर, एकशे एक म्हणजे एकशे एक. आजी, दोन दातांचं तुम्ही असं काय करता हो?"

गावातल्या लहान पोरानंसुद्धा हा प्रश्न विचारला नसता. मनकर्णाबाईनं डबा मिटला, पण हातातून सोडला नाही. "आधी पार्बताचं होऊ द्या," ती म्हणाली. "तिच्या तोंडात कशी बसते थे पाह्यतो. मंग सांगतो."

पाहुणे आले, हारतुरे झाले, कमलाकांत वकील समाजऐक्यावर पंचवीस मिनिटं बोलले. मग पार्बताबाईला मंचावर नेलं. कवळी तिच्या तोंडात घातली. आणि वकिलांनी खास मोर्शीहून मागवलेला एक कडक पेरू तिच्या हातात दिला. "घ्या चावा, मावशी! महाराष्ट्राला बघू द्या!" महाराष्ट्र म्हणजे दोन फोटोवाले. पार्बताबाईनं आयुष्यभर सांगितलेलं काम केलं होतं, हेही केलं. पेरू तोंडाला लावला, दात रोवले, लख्खकन दिवा चमकला. मग तिनं पेरू तोंडापासून दूर केला, आणि खालची अख्खी कवळी पेरूबरोबर बाहेर आली. ती पेरूतच रुतून राहिली.

सभागृह हसलं. हसले कोण? ज्यांचे दात शाबूत होते ते. पहिल्या रांगेतलं कोणी हसलं नाही. हमीदाबीनं तर मान खाली घातली. पार्बताबाई पेरू दोन्ही हातांत धरून तशीच उभी होती. हिरडीवर रक्ताचा थेंब आलेला. दोन्ही हात अडकले होते, त्यामुळे तिला पदरही ओढता येईना.

मनकर्णाबाई कशी उठली, कशी मंचावर चढली, तिचं तिला कळलं नाही. तिनं आधी पार्बताचा पदर तिच्या तोंडावर घेतला आणि तिला खुर्चीवर बसवलं. वकिलांना वाटलं, एकशे एकावी आपल्या पायांनी आली. त्यांनी घाईघाईनं माईक तिच्यापुढं धरला. "आजी दोन शब्द बोलतील, मग आत जाऊन..."

मनकर्णाबाई वळली ती प्रतीक्षाकडे. "पोरी, खरं सांग. तुह्या मायच्या असत्या, त काढल्या असत्या का या दोन दाढा?"

माईक सुरूच होता. प्रतीक्षानं एकदा वकिलांकडे पाहिलं आणि मग पाहायचं सोडून दिलं. "नसत्या काढल्या, आजी. त्यांनाच तार अडकवून बाकीचे दात बसवता येतात. या मावशींचेही काढायला नको होते. आणि काढलेच तर हिरडी बसायला दोन-तीन महिने लागतात, त्याआधी घेतलेलं माप टिकत नाही. मंगळवारी कॉलेजच्या दवाखान्यात या. चार चकरा होतील, पण थोड्या पैशांत काम होईल. मावशींचंही नव्यानं करू."

"माईक बंद करा," वकील दातांच्या फटीतून म्हणाले. त्यांच्या दातांत फट नव्हती, पण त्या दिवशी पडली.

"कायले बंद करता?" मनकर्णाबाईचा आवाज माईकशिवायही दारापर्यंत जात होता. "वकीलसाहेब, ह्या कवळीचा मालक मेला. मेलेल्या मानसाचा जोडा मले घालून राह्यले, अन् बसत नाई म्हून माहे पाय कापून राह्यले! तुमाले दात वाटाचे नोयते, आकडा भराचा व्हता. या सहा दाताइनं गावाची तूर पारखली, अन् तुमी त्या बाईच्या हाती पेरू देता? लाज वाटू द्या थोडी." तिनं नत्थुजीचा डबा त्यांच्या एका हातात ठेवला आणि दुसऱ्या हातात चिक्की. "हे तुमी खा. तुमचे मजबूत हायेत."

दोघी बाहेर पडल्या. रस्त्यावर आल्यावर मनकर्णाबाईला वाटलं, आपण जिंकलो. मग तिनं शेजारी पाहिलं. पार्बता पदर धरून चालत होती. मनकर्णाच्या दोन दाढा जागेवर होत्या, आणि जिंकण्याइतकं त्या दिवशी तेवढंच शिल्लक होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा एकशे एकच आला. नत्थुजी मेल्यावरही हसत होते म्हणायचे. मोर्शीच्या स्टँडवर फलक लागला. त्यावर पार्बताबाई पेरूत दात रोवून उभी, दिवा चमकला त्या क्षणाची, आणि खाली वकील हात जोडून. दर मंगळवारी दोघी त्याच फलकाखाली अमरावतीच्या गाडीची वाट पाहायच्या. मनकर्णाबाई दर मंगळवारी फलकाकडे पाहून थुंकायची. पान-तंबाखू काही नसताना.

कॉलेजच्या दवाखान्यात ना हार होते ना पाहुणे. लांब बाक होते, नंबराच्या चिठ्ठ्या होत्या, आणि बाकावर जो तो आपला जबडा धरून बसलेला. बडनेऱ्याचे रेल्वेतले पेन्शनर, धारणीकडचे कोरकू आजोबा, एके दिवशी हमीदाबीसुद्धा. इथं कोणाला कोणत्या खुर्चीवर बसवायचं हे कोणी ठरवत नव्हतं, नंबर ठरवत होता. मनकर्णाबाईचे दात चौथ्या चकरेला बसले, दोन्ही दाढांना तार धरून. खर्च दोन पायल्या तुरीत भागला. त्या रात्री तिनं ठेचा-भाकर खाल्ली आणि ठेच्याच्या तिखटावर डोळ्यांतल्या पाण्याचं खापर फोडलं.

पार्बताला थांबावं लागलं. हिरडी बसेपर्यंत तिनं मऊ खिचडी खाल्ली, कण्या खाल्ल्या. मनकर्णाबाई रोज दुधात कुस्करलेली भाकर घेऊन खालच्या वस्तीत जायची आणि जाताना रस्त्यातल्या प्रत्येकाला काहीतरी टोचून बोलायची. कोणाला वाईट वाटलं नाही. ती कोणावर चिडली आहे ते गावाला समजलं होतं.

माघ सरता सरता पार्बताची नवी कवळी आली. चांगली बसली. भाकर चावली जाऊ लागली, पदर खाली आला. आणि तिची तूर निघाली, दीड एकराची, सगळ्यांच्या शेवटी. अंगणात ताडपत्री पसरलेली होती. मनकर्णाबाईनं दाणा उचलला, दाढेखाली धरला. कट्. "वाळली," ती म्हणाली आणि पोतं भरायला घेतलं. दोघींनी मिळून भरलं, मनकर्णानं तोंड बांधलं आणि सुई-सुतळी शोधायला लागली.

"थांब व," पार्बता सवयीनं म्हणाली. "माह्या दाताले..."

तरी तिनं ताडपत्रीवरचा एक दाणा उचलून तोंडात घातला. चावला. अजून एक चावला. मग हळूच म्हणाली, "दाना फुटते मनू, पन मले काई सांगत नाई. लाकडानं फोडल्यावानी लागते."

मनकर्णाबाईच्या हातातली सुई थांबली. वकिलाला ती बोलली होती, कंपनीला बोलली होती, स्टँडवरच्या फलकावर तीन महिने थुंकली होती. आता शिव्या द्यायला एकच जण उरलं होतं. "मीच धाडलं तुले," ती म्हणाली. "फुकट हाये म्हनलं. माह्या तोंडानं म्हनलं. तुहे दात मी काढले पार्बता, वकिलानं नाई." आणि ती रडली, उघड, अंगणात, दिवसाढवळ्या. गावानं तिला असं नवरा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

पार्बतानं तिला रडू दिलं. "झालं?" तिनं विचारलं. "मंग फोड दाना. माह्या तुरीचं काय कराचं थे सांग."

मनकर्णाबाईनं डोळे पुसले. ती सरकून पार्बताच्या अगदी जवळ बसली आणि आपला डावा गाल पुढं केला. "कान लाव इथं."

पार्बतानं कान तिच्या गालाला लावला. मनकर्णानं दाणा दाढेखाली धरला आणि फोडला. पार्बता डोळे मिटून ऐकत होती.

"अजून एक."

मनकर्णानं दुसरा फोडला, मग तिसरा. पार्बतानं कान काढला, थोडा विचार केला आणि मान हलवली.

"नाई वाळली," ती म्हणाली. "अजून एक ऊन दे."

मनकर्णाबाईच्या दाढेला तूर वाळलेली वाटली होती. तरी तिनं पोत्याचं तोंड सोडलं आणि तूर परत ताडपत्रीवर पसरली.